पोर्टफोलिओ: मुलांच्या कामातून आपलं शिकवणं तपासण्याची पद्धत

आपल्याकडच्या बहुतेक प्राथमिक शाळांत प्रत्येक मुलाच्या नावाची एक फाईल असते. चाचणीचे पेपर, ठसेकाम, रंगवलेली चित्रं, एखादा प्रकल्प, स्पर्धेचं प्रमाणपत्र असं सगळं तिच्यात असतं. राज्यात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक (वर्षभर शिकता-शिकता होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) अशी विभागणी झाली. पहिली-दुसरीसाठी आकारिकला ७० आणि संकलितला ३० असा भारांश ठरला. मग आकारिकचा पुरावा म्हणून फाईल जपणं ओघानंच आलं. हेतू चांगला होता. पण अनेक ठिकाणी ही फाईल अधिकाऱ्यांच्या भेटीच्या आदल्या आठवड्यात भरली जाते, भेट झाली की कपाटात जाते आणि पुन्हा कुणी उघडत नाही.

पोर्टफोलिओ म्हणून मी जे सांगणार आहे ते या फाईलपेक्षा बारीक असतं. त्यात कागद कमी आणि प्रत्येक कागद का ठेवला याची नोंद जास्त असते. त्याची कसोटी एकच: तो वाचून उद्याच्या तासात काही बदललं का? मुलाच्या शिकण्यात किंवा शिक्षकाच्या शिकवण्यात काहीच बदललं नाही, तर तो कितीही देखणा असला तरी केवळ साठा आहे. हा लेख मुख्यतः पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे. डी.एल.एड. आणि बी.एड.च्या छात्राध्यापकांनाही यातला बराच भाग जसाच्या तसा वापरता येईल.

आधी ठरवा: शिकण्यासाठी की दाखवण्यासाठी

ही दोन कामं एकाच फाईलमध्ये घातली की शिकण्याचं काम मागे पडतं. अधिकारी बघणार म्हटल्यावर चुकलेला कागद कोण ठेवेल? आणि आपल्याला तर नेमका चुकलेला कागदच हवा असतो.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या मुलांचे गणित आणि लेखनाचे पोर्टफोलिओ राज्यभर तपासून त्यांना गुण द्यायला सुरुवात केली. रँड या संशोधन संस्थेने या उपक्रमाचा अभ्यास केला. एकाच मुलाच्या कामाला दोन परीक्षक दोन वेगळे गुण देत होते, आणि ही तफावत इतकी होती की त्या गुणांवर शाळांची तुलना करणं योग्य ठरत नव्हतं. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली. मुलांचं काम असं गोळा करायला लागल्यापासून आपल्या शिकवण्यात बदल झाला, गणितात उकल शोधण्याला जास्त वेळ दिला जाऊ लागला, असं तिथले शिक्षक सांगत होते. गुण द्यायला जे साधन तोकडं पडलं, ते शिकवणं सुधारायला उपयोगी ठरलं. मला यातून एवढंच घ्यायचं आहे की पोर्टफोलिओला गुण देऊ नका. गुण, श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी यांच्या नोंदवह्या आहेतच, त्या तशाच चालू द्या.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक तपासणीची फाईल, जशी आहे तशी. दुसरा कामाचा पोर्टफोलिओ, तुमच्यासाठी आणि मुलासाठी. मुख्याध्यापकांना हे सुरुवातीलाच सांगून ठेवावं. नाहीतर दुसऱ्या फाईलवरही सजावटीचा आग्रह सुरू होतो.

एक वर्ग, एक विषय, एक घटक

पहिल्या वर्षी सगळे विषय घेऊ नका. ज्या विषयात तुम्हाला स्वतःला प्रश्न पडलेले आहेत तो घ्या. मुलं वाचतात पण अर्थ सांगत नाहीत, असं वाटत असेल तर वाचन घ्या. शाब्दिक उदाहरणं आली की वर्ग थंड पडतो, तर ती घ्या. प्रश्न नसेल तर पोर्टफोलिओत काय ठेवायचं हे कधीच ठरत नाही आणि सगळंच ठेवलं जातं.

प्रश्न एका वाक्यात लिहून तो स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. तो बारीक असावा. 'मुलांची गणितातली प्रगती' एवढ्यावर काम होत नाही. 'दशक सुटं करून वजाबाकी करताना मुलांच्या मनात नेमकं काय चालतं?' यावर होतं.

सामान साधं लागतं. मुलामागे एक पुठ्ठ्याचं पाकीट किंवा जुन्या कॅलेंडरच्या पानांची शिवलेली वही. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कागदाला बुरशी येते. तिथे पाकिटं जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नका, भिंतीवर दोरी बांधून चिमट्यांनी अडकवा. दोरीचा आणखी एक फायदा म्हणजे पाकिटं मुलांच्या हाताला लागतात. कुलपातला पोर्टफोलिओ मुलाचा राहत नाही. बहुवर्ग शाळेत दोन इयत्तांची पाकिटं वेगळ्या रंगाची करा, एवढं पुरतं.

काय ठेवायचं आणि कसं

महिन्याला मुलामागे एक नमुना पुरे. वर्गात तीस मुलं असतील तर महिन्याला तीस कागद होतात. एवढे कागद एक शिक्षक नीट वाचू शकतो. आठवड्याला एक ठेवायला गेलात तर दिवाळीपर्यंत वाचणं थांबेल आणि फक्त साठवणं उरेल.

नमुना कच्चा असावा. घरून ताईदादाने करून दिलेला प्रकल्प, फळ्यावरून उतरवलेली उत्तरं, तीन वेळा खोडून सुंदर केलेलं पान यातून मुलाचा विचार कळत नाही. वर्गात, तुमच्यासमोर, एका बैठकीत केलेलं काम ठेवा. खोडरबर वापरू देऊ नका. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायला सांगा. खोडलेल्या ओळीत मुलाने विचार कुठे बदलला ते दिसतं, आणि आपल्याला तेच बघायचं आहे.

मूळ कागदावर लाल शाईने काहीही लिहू नका. बरोबर-चूकच्या खुणा झाल्या की पुढच्या वाचणाऱ्याची नजर फक्त त्या खुणांवर जाते. तुमची नोंद मागच्या बाजूला किंवा वेगळ्या चिठ्ठीवर करा. त्यात चार गोष्टी हव्यात: तारीख, नेमकं काय करायला सांगितलं होतं, मदत मिळाली का आणि कुणाची, किती वेळ दिला. या चार ओळी नसतील तर तीन महिन्यांनी त्या कागदाचा अर्थ तुम्हालाही लागणार नाही.

नमुना कागदाचाच असला पाहिजे असंही नाही. वाचनासाठी मोबाईलवरचं एका मिनिटाचं ध्वनिमुद्रण फार उपयोगी पडतं. जुलैत, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि मार्चमध्ये तोच उतारा त्याच मुलाकडून वाचून घ्या. जोडाक्षरापाशी मूल थांबतं का, विरामचिन्हाला श्वास घेतं का, चुकलेला शब्द स्वतः मागे येऊन दुरुस्त करतं का, हे कानाने कळतं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मागे येऊन दुरुस्त करणारं मूल अर्थ लावत वाचतंय, मग त्याचा वेग कमी असला तरी हरकत नाही.

निवडीचा तास

पोर्टफोलिओत काय जाणार हे निदान अर्ध्या वेळा मुलाने ठरवावं. यासाठी महिन्यातून एक तास राखून ठेवा. शनिवारची सकाळची शाळा सोयीची पडते. त्या महिन्यातली कामं बाकावर मांडायची आणि मुलाने एक निवडायचं. सर्वांत चांगलं नव्हे, 'ज्यातून काहीतरी नवं कळलं' असं. मग निवडीचं कारण लिहायचं.

पहिल्या दोन-तीन वेळा चिठ्ठ्या निराश करतात. 'मला हे आवडले कारण ते छान आहे.' पुढच्या बाकावर तेच वाक्य, त्याच्या पुढच्या बाकावरही तेच. इथे बरेच शिक्षक सोडून देतात आणि म्हणतात, आपल्या मुलांना हे जमत नाही. न जमण्याचं कारण वेगळं आहे. आपल्या कामाबद्दल बोलायला मुलांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. त्यांना त्यासाठी भाषा द्यावी लागते. कागद बाजूला ठेवा आणि आधी तोंडी विचारा:

- हे करताना कुठं थांबायला लागलं?
- मग पुढं कसं गेलीस? कुणाला विचारलंस का?
- याच्यासारखं आधीचं कुठलं काम आहे? त्यात आणि यात काय वेगळं आहे?
- हेच पुन्हा करायला दिलं तर काय बदलशील?

एका तासात चार-पाच मुलांशीच असं बोलणं होतं, बाकीची ऐकतात. ऐकणाऱ्यांच्या पुढच्या चिठ्ठ्या बदललेल्या दिसतात. 'मी आधी दोन्ही आकडे मिळवले मग परत वाचलं तर उरले विचारलेलं' अशी चिठ्ठी आली की समजा, मूल स्वतःचं काम बघायला शिकलं. पहिली-दुसरीत मुलाने बोलायचं आणि आपण लिहून घ्यायचं. लिहून घेताना मुलाचे शब्द प्रमाण मराठीत बदलू नका. अहिराणी, पावरी, गोंडी, मालवणी, जे येईल ते तसंच उतरवा. 'माह्याकडून एक दहाचा गठ्ठा फोडायचा राह्यला' या वाक्यातली समज शुद्ध केलेल्या वाक्यात हरवते.

तीन कागद एकत्र वाचणं

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं, कारण पोर्टफोलिओ वाचणं हे गोळा करण्यापेक्षा अवघड आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. एक उदाहरण घेऊ.

समजा, तिसरीतल्या एका मुलीच्या पाकिटात वजाबाकीचे तीन कागद आहेत. जुलैच्या कागदावर तिने ५२ − ३७ = २५, ६३ − २८ = ४५, ७१ − ४६ = ३५ असं लिहिलंय. तिन्ही चूक आहेत, पण तिन्हींची रीत एक आहे. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला. वर की खाली, तिला फरक पडत नाही. नोंदवहीत याची नोंद सहसा 'हातच्याची वजाबाकी येत नाही' एवढीच होते.

सप्टेंबरमध्ये घटक शिकवून झाल्यावरच्या चाचणीच्या कागदावर (तो तपासणीच्या फाईलमध्ये आहे) ५२ − ३७ = १५ बरोबर आहे, तशी आणखी नऊ उदाहरणंही. चाचणीत दहापैकी दहा. नोंदवहीत 'अध्ययन निष्पत्ती साध्य'. पण त्याच महिन्यातला वर्गकार्याचा एक कागद मुलीने स्वतः निवडून पाकिटात ठेवलाय आणि त्यावर ६८ − २५ = ३१३ आहे. आठातून पाच जात असूनही तिने दशक सुटं केलं, अठरातून पाच काढून तेरा पूर्ण लिहिले आणि डावीकडे पाचातून दोन काढून तीन.

डिसेंबरच्या कागदावर ४०२ − १५६ = २५६. एककाच्या घरात बारातून सहा काढले, बरोबर. त्यासाठीचे दहा तिने थेट शतकाकडून आणले आणि चाराचे तीन केले. मधल्या शून्यातून पाच काढायचे आले तेव्हा पाच लिहून मोकळी झाली. म्हणजे जुलैची सवय कुठेही गेलेली नव्हती. मोठ्यातून लहान काढायचं, ही रीत शिकवलेल्या रीतीखाली दबून होती आणि अवघड जागा आल्यावर वर आली.

एकेकटा कागद बघितला तर तीन वेगळ्या चुका दिसतात. शेजारी मांडले तर एकच गोष्ट दिसते: मुलगी अंकांशी खेळतेय, संख्येशी नाही. ६८ मधून काहीतरी काढल्यावर ३१३ उरतील का, हा प्रश्न तिला पडत नाही, कारण ६८ ही वस्तूंची एक रास आहे असं तिच्या डोळ्यांपुढे येत नाही.

आता दुसरी अर्धी बाजू, जी बहुतेक वेळा बघायची राहून जाते. सप्टेंबरच्या त्या आठवड्याचं तुमचं टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, काढा. फळ्यावर कुठली उदाहरणं दिली होती? सगळी हातच्याची. चाचणीतही सगळी हातच्याचीच. मुलीने जे केलं ते मग अगदी सुसंगत आहे. आठवडाभर प्रत्येक उदाहरणात दशक सुटं करावं लागलं, तर दशक नेहमीच सुटं करायचं असतं असा नियम तिने काढला. हातचा कधी घ्यायचा हे ठरवण्याची संधी तिला एकदाही मिळाली नाही. दहापैकी दहा गुण देणारी चाचणी हे दाखवूच शकत नव्हती. मुलीचे तीन कागद आणि शिक्षकाचं एक टाचण शेजारी आल्यावरच ते दिसतं. विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ आणि शिक्षकाचा पोर्टफोलिओ एकत्र वाचायचे ते यासाठी.

पुढच्या आठवड्याचं काम यातून सरळ निघतं. हातच्याची आणि बिनहातच्याची उदाहरणं मिसळून द्यायची आणि सोडवण्याआधी फक्त 'इथं गठ्ठा फोडावा लागेल का?' एवढंच ठरवायला सांगायचं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि दहा गठ्ठ्यांची शंभराची जुडी पुन्हा काढायची. ४०२ साठी चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडल्या की मधे गठ्ठाच नाही हे दिसतं. आधी जुडी सोडावी लागते, मग गठ्ठा. प्रत्येक उत्तराआधी अंदाज लिहायचा. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एक कागद, त्याच प्रकारचा, पाकिटात.

शिक्षकाचा स्वतःचा पोर्टफोलिओ

यात प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं आणि सत्काराचे फोटो नकोत. त्यांची जागा सेवेच्या फाईलमध्ये. इथे चार प्रकारचे कागद पुरतात: टाचण आणि त्याच्या समासात तासानंतर लिहिलेल्या ओळी, मुलांच्या कामाचे काही नमुने किंवा त्यांचे फोटो, फळ्याचा तास संपतानाचा फोटो, आणि स्वतःच्या तासाचं अधूनमधून केलेलं ध्वनिमुद्रण.

फळ्याच्या फोटोवर हसू नका. आपण काय शिकवलं याची आठवण आणि फळ्यावर प्रत्यक्षात काय होतं यात बरंच अंतर असतं. ध्वनिमुद्रण ऐकणं सुरुवातीला जड जातं, तरी पहिली दहा मिनिटं ऐकाच. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबलो, तेवढंच मोजा. बहुतेक जण एक-दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि मागच्या बाकावरूनही येऊ लागतात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत हे १९७०च्या दशकात दाखवून दिलं, आणि कुठल्याही वर्गात एका आठवड्यात तपासून बघता येतं.

नोंद कशी लिहायची? छात्राध्यापकांच्या वह्यांत हमखास आढळणारं वाक्य असं: 'आजचा पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. पुढील वेळी शैक्षणिक साधनांचा अधिक वापर करेन.' यात खोटं काही नाही, पण दुसऱ्या दिवशी करण्यासारखंही काही नाही. समजा, तो तास बाष्पीभवनाचा होता. त्याबद्दल अशी नोंद झाली असती तर:

'फरशीवरचं पाणी कुठं गेलं विचारल्यावर आठ हात वर आले, सगळे पुढच्या दोन बाकांवरचे. सहा जणांनी "जमिनीत मुरलं" सांगितलं. मी फरशी निवडली होती, पण त्यांच्या घराचं अंगण मातीचं आहे, तिथं पाणी मुरतंच. मी "नाही" म्हणून पुढं गेलो. खरं तर त्यांचं उत्तर अनुभवाचं होतं. उद्या स्टीलच्या ताटात पाणी ठेवून उन्हात दाखवायचं आणि विचारायचं, इथं कुठं मुरलं?'

या नोंदीत जे घडलं ते आहे, शिक्षकाने काय गृहीत धरलं होतं ते आहे, मुलांच्या उत्तरामागचं कारण शोधलं आहे आणि उद्याची एक ठोस कृती आहे. हा क्रम मनात ठेवून लिहा, पाच-सहा ओळी पुरतात. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेलं सहा टप्प्यांचं चिंतनचक्र बी.एड.ला शिकवलं जातं: वर्णन, भावना, मूल्यांकन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढचा आराखडा. नवख्याला ते आधार देतं. पण रोज सहा रकाने भरायला लागले की रकाने भरणं हेच काम होऊन बसतं. आठवड्यातून एका तासाबद्दल नीट लिहा. रोज सगळ्या तासांबद्दल लिहायला जाऊ नका.

छात्राध्यापकांसाठी एक जास्तीची सूचना. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान वीस आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव, ठेवली. तिच्यातला प्रत्येक पाठ वेगळ्या घटकावर घेण्याऐवजी, शाळेने परवानगी दिली तर एकच घटक दोन तुकड्यांना शिकवा. पहिल्या तुकडीचं टाचण, त्यावर स्वतःच्या आणि मार्गदर्शकांच्या नोंदी आणि त्यानंतर बदललेलं दुसरं टाचण एकत्र लावा. दोन टाचणांतला फरक आणि त्याचं कारण हा तुमच्या पोर्टफोलिओतला सर्वांत मोलाचा कागद ठरेल. मुलाखतीतही तोच दाखवा.

एकट्याने वाचू नका

आपल्याच वर्गाचे कागद वाचताना आपण मुलाला ओळखत असतो. 'हा आळशीच आहे', 'हिला घरी वेळ मिळत नाही', अशी उत्तरं कागद बघण्याआधीच तयार असतात. म्हणून महिन्यातून एकदा एखाद्या सहकाऱ्याबरोबर बसा. दोनशिक्षकी शाळा असेल तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, अर्धा तास मागून घ्या.

बसण्याची एक रीत हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रोजेक्ट झीरो या गटात १९८०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली आणि ती आपल्याकडे सहज चालते. एका मुलाचा एक कागद मधे ठेवायचा, नाव झाकून. पहिली काही मिनिटं सगळ्यांनी फक्त काय दिसतं ते सांगायचं. 'अक्षर चांगलं आहे' चालणार नाही, कारण तो निवाडा झाला. 'दुसऱ्या ओळीपासून अक्षर मोठं झालंय' चालेल. मग कागद बघून कोणते प्रश्न पडतात ते मांडायचे, त्यानंतर मूल काय करू बघत असेल याचे अंदाज. ज्याच्या वर्गातला कागद आहे त्या शिक्षकाने तोवर गप्प बसायचं आणि शेवटी बोलायचं. हा गप्प बसण्याचा नियम मोडू देऊ नका. शिक्षक आधी बोलला की बाकीचे त्याच्या मुद्द्याला मान डोलावतात आणि नवं काही निघत नाही.

पालकांसमोर

पालक सभेत श्रेणी सांगण्याआधी पाकीट मुलाच्या हातात द्या. मुलाने आईला किंवा आजोबांना दोन कागद दाखवायचे, एक जुना आणि एक नवा, आणि काय बदललं ते सांगायचं. पाच मिनिटं लागतात. ज्यांना वाचता येत नाही त्या पालकांनाही मुलाच्या वाचनाची जुलै आणि मार्चची दोन ध्वनिमुद्रणं ऐकून फरक कळतो. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये ज्या समग्र प्रगतिपत्रकाचा आग्रह धरला, त्यात मुलाचं स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन आहे. पाकिटातल्या चिठ्ठ्या वर्षभर नीट लिहिल्या गेल्या असतील तर ते रकाने भरताना काही सुचवावं लागत नाही, मुलाचेच शब्द तिथे उतरवता येतात.

मुलांची आपसात तुलना मात्र तिथे होऊ देऊ नका. पाकीट ज्याचं त्याच्याच घरच्यांनी बघायचं.

मोबाईल आणि ड्राइव्ह

ध्वनिमुद्रणं आणि फोटो साठवायला गुगल ड्राइव्हवर मुलामागे एक फोल्डर पुरतं. फाईलचं नाव तारखेने सुरू करा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. वेगळ्या ॲपची गरज नाही. मुलांचं काम आणि चेहरे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय असेल तर ती इथे सोडा. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा ठेवतो. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून साध्या मराठीत लेखी संमती घ्या. काय नोंदवणार, कुठे ठेवणार, कोण बघणार, कधी पुसणार, एवढं त्यात लिहा. कायदा नसता तरी हे करायला हवं होतं. चुकलेलं काम सुरक्षित आहे याची खात्री असेल तरच मूल ते ठेवू देतं.

मध्येच जाणारी मुलं आणि वर्षाचा शेवट

बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या शाळांत दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं निघून जातात आणि थेट उन्हाळ्यात परत येतात. अशा मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत शिकणं चालू ठेवता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. त्याच्यासोबत पाकिटातले दोन-तीन नमुने आणि एक चिठ्ठी दिली तर कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला सुरुवात कुठून करायची ते पहिल्याच दिवशी कळतं. मूळ कागद आपल्याकडे ठेवा, मोबाईलने काढलेल्या फोटोची छापील प्रत द्या. पालकांच्या मोबाईलवरही फोटो पाठवून ठेवा, कारण प्रवासात कागद टिकत नाहीत.

एप्रिलमध्ये प्रत्येक पाकीट मुलाबरोबर बसून रिकामं करा. पाच कागद पुढच्या वर्गशिक्षकाकडे जातात: दोन मुलाने निवडलेले, दोन तुम्ही निवडलेले आणि एक ज्याबद्दल तुम्हाला अजून उलगडा झालेला नाही. बाकीचे मुलाला घरी देऊन टाका. पाच कागदांच्या वर एक पान जोडा. त्यावर मुलाला काय येतं आणि काय येत नाही याची यादी करू नका, ती प्रगतिपत्रकात असते. कुठल्या रीतीने शिकवल्यावर त्याला समजलं, कुठल्या रीतीने नाही आणि सध्या ते कुठल्या गोष्टीवर अडलेलं आहे, हे लिहा. वरच्या मुलीच्या पानावर एवढं आलं तरी चौथीच्या बाईंना जूनमध्ये उपयोग होईल: 'काड्यांनी मांडलं की अचूक करते, नुसत्या अंकांवर मोठ्यातून लहान काढते, मधे शून्य असेल तर नक्की. उत्तर येण्याआधी अंदाज विचारल्यावर स्वतःची चूक स्वतः पकडते. हजारावर जाण्याआधी हे पुन्हा बघावं.'